पहिली पाटी

तात्यांच्या जावयाने चिंबोरीचा काथ्या सोडला. मुद्दाम. पाटीतली सगळ्यांत मोठी, आईने नांग्या आवळून बांधलेली. ती तिरपी पळत अंगणातल्या जीपखाली शिरली.

"पकड गो, पकड!" मुंबईहून आलेले पाहुणे ओरडले. दोघांनी मोबाईल काढले.

आई जीपखाली सरपटत गेली. चिंबोरीने तिचा अंगठा धरला. आई बाहेर आली तेव्हा अंगठ्यातून रक्त गळत होतं, चिंबोरी हातात होती आणि आई हसत होती. त्यांच्याबरोबर.

"रोज तू चिंबोऱ्या धरतेस, आज चिंबोरीनं तुला धरली!" तात्या ओटीवरून म्हणाले. पुन्हा हशा.

मी फाटकाशी उभी होते, बारावीच्या पुस्तकांची पिशवी खांद्याला. त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

तशी रीतच होती. दासगावच्या खाडीत ओहोटीला आई चिखलात उतरायची, बिळात लोखंडी आकडी घालून चिंबोरी ओढायची. पण पहिली पाटी तात्यांच्या अंगणात ओतायची. चांगल्या त्यांनी निवडायच्या, देतील तेवढे पैसे घ्यायचे. उरलेल्या महाडच्या बाजारात. कारण खाडीकडे जाणारी वाट त्यांच्या बांधावरून होती.

घरी येताना मी विचारलं, "हसलीस कशाला?"

"नाय हसले तर वाट बंद करतील."

पुढे मी एम.ए. केलं. अपमानाबद्दल पुष्कळ वाचलं. आईच्या त्या हसण्याबद्दल कुठे काही सापडलं नाही.

यंदा आई तापाने गेली. सुतक फिटायच्या आत तात्यांची जीप दारात थांबली. ते उतरले नाहीत. फक्त काच खाली झाली.

"वाईट झालं. बारावं झालं की आता तूच मोठ्या बघून घेऊन ये गो. पाहुणे यायचेत."

आत आईचा दिवा जळत होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"तात्या, चिंबोऱ्या बाजारात असतील. पाहिजे तर तिथे या."

"तुझी आई असं कधी बोलली नाय."

"तुम्ही बोलू दिलं नाय."

"बांध माझा हाय, ध्यानात ठेव."

"बांध तुमचा. खाडी नाय."

बाराव्यानंतर बांधावर काटेरी तार लागली. मी मामाची जुनी होडी मागून आणली. भरतीच्या पाण्यातून खारफुटीच्या खाजणात जाते, ओहोटी लागेपर्यंत थांबते, मग चिखलात उतरते. आईची आकडी धरायला अजून शिकतेच आहे. बोटं फाटली आहेत.

बाजारात पहिल्या दिवशी शेजारची म्हातारी कुजबुजली, "तात्यांकडं ओतलीस?"

"नाय."

"मरशील गो," ती म्हणाली, आणि सरकून जागा दिली.

परवा तात्यांचा गडी आला. गिऱ्हाइकांना ढकलत पुढे घुसला. "तात्यांनी पाटी मागवलीय."

"मागे उभा राहा," मी म्हटलं.

तो राहिला. त्याची पाळी येईपर्यंत मोठ्या संपल्या होत्या.

उद्या तात्या होडीलाही हरकत घेतील. घेऊ देत. कमरेएवढ्या चिखलातून जावं लागलं तर जाईन. माझ्या आईचं सुतक फिटलं आहे, राग फिटलेला नाही. तो मी फिटू देणार नाही.