गोणपाट लावलेली खिडकी

शिला राठोड ही सेनगावकडच्या एका तांड्यातली सून, दवाखान्यात नर्स. २००४ साली हिंगोलीला नर्सांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा तिचे सासरे भीमसिंग वारून वर्ष झालं होतं. विषय होता, उजेड आणि शरीराचं घड्याळ. आता अक्कल बघा, भाषण उजेडावर, आणि पडद्यावरची चित्रं दिसावीत म्हणून हॉलच्या खिडक्या बंद! अर्ध्या बाया पेंगत होत्या.

शिला मात्र टक्क जागी होती. मॅडम सांगत होत्या, सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराला दिवस उगवल्याचं कळतं. म्हाताऱ्या माणसाला अंधारात ठेवलं, तर त्याला दिवस कुठला न् रात्र कुठली, हेच कळेनासं होतं.

भीमसिंगांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस डोळे जपायला सांगितले होते. तांड्यात मात्र ऊन बाधतं म्हणून महिनाभर अंधारात ठेवायची रीत, आणि शिला तर नर्स, म्हणून काळजी घ्यायचं काम तिच्याकडंच. तिनं स्वतः खिडकीला गोणपाट ठोकलं. पुढं ते काढायचं राहूनच गेलं. झाडाची सावली बघून वेळ सांगणारा तो माणूस रात्री बैलांना हाका मारू लागला, दिवसा घोरू लागला. म्हातारा भ्रमला, असं घरानं ठरवून टाकलं.

"काही शंका?" मॅडमनी विचारलं.

शिलाला आठवलं, सासरे रोज एकच विचारायचे, "पोरी, उजाडलं का?"

त्यांनी पडून राहावं म्हणून ती भर दुपारी सांगायची, "न्हाई मामा, अजून रात्रच हाय. झोपा."