मागच्या पाटीवरचं बोट

निवृत्तीला आता वर्ष होत आलं. पंचनामे, बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा, सगळं हळूहळू विसरत चाललो आहे. पण थंडीतली ती एक सकाळ काही मनातून जात नाही. दुपारी खुर्चीत डोळा लागला की धुक्यातून तीच पांढरी गाडी येते आणि तशीच विरून जाते.

तेव्हा मी तलासरीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की ठाण्याच्या पायरीवरून समोरचं आंब्याचं झाड दिसेना. डोंगराकडच्या गावातला एक म्हातारा शेतकरी सुनेबरोबर बाजाराला चालला होता. समोरून आलेल्या गाडीने त्याला उडवलं, गाडी क्षणभर थांबली आणि पळाली. म्हाताऱ्याचा पाय मोडला. त्याला दवाखान्यात पोचवून सून थेट ठाण्यात आली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. पदराला माती लागलेली, पण जबाब एकदम स्वच्छ.

"गाडी धुक्यातून आली नि धुक्यातच गेली, साहेब. पुढं पाटीच नव्हती. मागं होती, जुन्या टाईपची. नंबर मी घोकत घोकत आले. आणि नंबराच्या कडेला कुंकवाचं एक बोट होतं."

"एवढ्या धुक्यात कुंकू दिसलं तुला?"

"हाताच्या अंतरावर होती ना. मी सासऱ्यांना उठवत होते."

नंबर आरटीओच्या नोंदीत घातला. मालक आशागडचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडी पांढरीच. चहा येईपर्यंत गुन्हा उघडकीस आला, असं मला वाटलं. पुढे पाटी नव्हती, हे त्या बाईने पहिल्याच दमात सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं आणि विसरलो. ती चूक माझीच.

आशागडला गेलो तर गाडी शेडमध्ये धूळ खात उभी. दोन्ही बाजूंना नव्या सरकारी नंबरप्लेटी. त्या दिवसांत जुन्या गाड्यांना या पाट्या लावून घेण्याची सगळीकडे धांदल होती. ऑनलाइन नंबर लावायचा, ठरल्या दिवशी केंद्रावर गाडी न्यायची, तिथला माणूस जुन्या पाट्या काढून मोडणार आणि नव्या बसवणार. नव्या पाटीचं कुलूप एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. इथली कुलपं शाबूत होती. पण माझा हवालदार मुरलेला. तो म्हणाला, "साहेब, जुनी पाटी वरून टेपने चिकटवता येते की. आणि पोचा ठोकून काढता येतो."

ठाण्यात बसवून मी त्यांना विचारलं, "काका, जुन्या पाट्या कुठे आहेत?"

"डहाणूला बसवून घेतल्या, तिथेच त्याने मोडल्या."

"दोन्ही?"

"हो."

खोटं बोलणारा माणूस सहसा पाल्हाळ लावतो. हे गृहस्थ एवढंच बोलत आणि जमिनीकडे बघत बसत. मी आवाज चढवून पाहिला, समजुतीने घेऊन पाहिलं. शेवटी म्हणाले, "अटक करायची तर करा." डहाणूच्या पाट्या बसवणाऱ्यालाही फोन केला. त्यानेही पोपटासारखं तेच सांगितलं. अटकेचे कागद टाईप झाले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून सिग्नल सांभाळले, ते दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभे राहणार होते. मला वाईट वाटत होतं, पण कागद त्यांच्या विरुद्ध होता.

त्याआधी घरझडती. काकांना आणि दोन पंचांना घेऊन दुपारी पुन्हा आशागडला गेलो. काय ती दुपार होती. चिकूच्या झाडाखाली झोपाळा आपोआप हलत होता, सगळं घर झोपेत असल्यासारखं. बोलायचं म्हटलं तरी आमचे आवाज आपसूक खाली येत होते. देव्हाऱ्याशेजारी एका बाईंचा हार घातलेला फोटो, आणि फोटोखाली भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी नंबरप्लेट. तिच्यावर कुंकू.

"सापडली," हवालदार म्हणाला.

मी हात पुढे केला, तसे काका मध्ये आले. "साहेब, मला न्या. ही नेऊ नका."

मग ते खाली बसले आणि सगळं सांगितलं. दसऱ्याला बायकोने गाडीची पूजा केली होती. तेलात कालवलेलं कुंकू बोटाने लावलं होतं. दिवाळीच्या आधीच ती अचानक गेली. गाडी तेव्हापासून शेडमध्ये. दिवाळीनंतर पाट्या बदलायला नेली, तर बसवणाऱ्याने जुनी पाटी मोडायला घेतली. यांनी त्याचा हात धरला. तिच्या हातचं घरात तेवढंच पुसलं न गेलेलं राहिलं होतं. त्याने पाटी दिली आणि कुणाला सांगू नका म्हणाला. यांनी शब्द दिला. खरं सांगितलं तर पाटी जप्त होणार, त्यापेक्षा अटक परवडली, असा साधा हिशेब होता.

मी गुडघ्यावर बसून पाटी पाहिली. कुंकवाचं स्वस्तिक होतं, नीट चार हातांचं. बाई मात्र म्हणाली होती, एक बोट. आणि आता मला तिचं 'पुढं पाटीच नव्हती' आठवलं.

"काका, ही पुढची की मागची?"

"पुढची. पूजा पुढेच करतात ना."

"मग मागची?"

"मागची मागितलीच नाही हो. तिच्यावर काही नव्हतं."

तिथून आम्ही सरळ डहाणूला गेलो. पाट्या बसवणारा दोन मिनिटांत रडकुंडीला आला. पुढची पाटी काकांना दिली, त्या गडबडीत मागची मोडायची राहिली. हायवेवरचा एक धाबेवाला जुन्या पाट्या भिंतीवर शोभेला लावायला मागत होता, त्याला इतर पाट्यांबरोबर देऊन टाकली.

धाब्यावर गेलो. भिंतीवर खरंच पाट्या होत्या, रांगेने, निरनिराळ्या गावांच्या. मध्ये एक खिळा रिकामा होता. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी गाडी, बॉनेटला पोचा, पुढे पाटी नाही. मागे काकांचा नंबर. धाबेवाल्याचा मेहुणा हा खोटा नंबर लावून तिच्यातून सीमेपलीकडची दारू आणायचा. रिकाम्या खिळ्याबद्दल विचारल्यावर मेहुण्याने फार वेळ घेतला नाही, कबुलीच दिली.

काकांच्या अटकेचे कागद मी स्वतः फाडले. पुढच्या पाटीचा पंचांसमक्ष फोटो घेतला आणि ती त्यांच्याच देव्हाऱ्याशेजारी ठेवली. नियमाला धरून होतं का, हे आता मला कोणी विचारणार नाही.

चार दिवसांनी ते जबाबावर सही करायला ठाण्यात आले. म्हाताऱ्याची सूनही आली होती. सासऱ्याच्या पायाला प्लास्टर आहे, पण घरी आलेत म्हणाली. मी मुद्देमालातली मागची पाटी ओळख पटवायला टेबलावर ठेवली. पारदर्शक पिशवीत होती. नंबराच्या कडेला कुंकवाचं एक बोट, घाईत टेकवल्यासारखं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पिशवीवरून आपलं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. त्यांचं बोट मोठं होतं, ठिपका झाकून गेला.

"तिने मागेही लावलं होतं," ते म्हणाले. "मी पुढे नारळ फोडत होतो. मला माहीतच नाही."

"मागून येणाऱ्याचं पण भलं व्हावं म्हणून लावलं असेल," सून म्हणाली. "आमच्याकडे लावतात."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपी काय लपवतो, हे मी हजारदा शोधलं असेन. तो ते कुणासाठी लपवतो, हे विचारायला त्या दिवशी शिकलो. फार उशिरा शिकलो, याचं वाईट वाटतं.

ती पाटी मागायला काका पुन्हा आले नाहीत. खटला संपेपर्यंत ती देता येणार नाही, हे त्यांना समजत होतं. निवृत्तीच्या दिवशी कार्यभार सोपवताना मी मुद्देमालाचं रजिस्टर उघडलं. त्या पाटीच्या ओळीपुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिथे मी माझ्या हाताने लिहिलं, "पुसू नये," आणि खाली सही केली.