वजन नसलेला माल

कांदा-बटाटा मार्केटात हौसेराव फडतऱ्यांचं नाव काढलं की जुने लोक आजही त्यांच्या पाठीविषयी बोलतात. चौतीस वर्षं माथाडीचं काम केलेला हा माणूस. पाठीवर गोणी टेकवली की न बघता वजन सांगायचा. "एक्कावन्न हाय. बारदान धरून." काट्यावर टाका, एक्कावन्नच. एखाद्या गाळ्यावर काट्यावरून वाद पेटला की कुणीतरी ओरडायचं, "अरे, हौसेरावला बोलवा!" मग हौसेराव यायचे, गोणी घेऊन दोन पावलं चालायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नव्हतं.

आता असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काय होत असेल, सांगा बघू! गॅसचा सिलिंडर आला, आधी यांच्या हातात. पीठ दळून आलं, आधी यांच्या हातात. "गिरणीवाल्यानं पावशेर खाल्लं," म्हणत हे भांडायला निघायचे, आणि राजाबाई मागून हाका मारत राहायच्या, "अवो, थांबा! म्याच काढून ठिवलंय वाटीभर!"

या राजाबाई म्हणजे त्यांची बायको. साताऱ्याकडून लग्न होऊन कोपरखैरण्याच्या खोलीत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जेवणाचे डबे सुरू केले. महाप्याच्या एका कंपनीत सोळा डबे जायचे. करायचे राजाबाईंनी, पोचवायचे हौसेरावांनी. त्यासाठी पुतण्याची जुनी इलेक्ट्रिक स्कूटर आली होती, हळू चालणारी, लायसन न लागणारी. हौसेरावांचा तिच्यावर भारी जीव. आयुष्यभर ओझं यांनी वाहिलं, आता ओझं दुसरंच कुणीतरी वाहतंय आणि आपण वर बसलोय, याची त्यांना रोज नव्यानं मजा वाटायची.

पण मागल्या गुरुवारी त्या गाडीनं दगा दिला. भर उन्हात, महाप्याच्या पुलाच्या चढावर. घरून निघताना मीटरवर चार्जिंगचे सगळे दांडे भरलेले, आणि चढाच्या मध्यावर एकही नाही. शिशाच्या चार जुन्या बॅटऱ्या, चौघींनी एकदमच मान टाकली. हौसेरावांनी गाडी ढकलत नेली. डबे पोचले तेव्हा सव्वादोन वाजले होते, आणि लोकांनी वडापाव मागवून खाल्लेही होते. डबे उतरवून घेणाऱ्या नमिता मॅडम स्वभावानं चांगल्या, पण त्यांनाही ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "काका, उद्या-परवा राहू द्या. सोमवारी एकदा बघू. साडेबाराला आलात तर चालू ठेवू."

बरं, हेही पचलं असतं. घरी आल्यावर राजाबाई काही बोलल्याच नाहीत, ते काही पचेना. "हातपाय धुवा, जेवून घ्या," एवढंच. आता राजाबाई आणि गप्प! भाजीवाल्यानं कोथिंबीर कमी घातली तरी पंधरा मिनिटं बोलणारी बाई ती. हौसेरावांनी ओळखलं, ही रागावली. नुसती नाही, आतून रागावली. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. सोमवारी डबे वेळेवर गेले तर गेले, नाहीतर हिच्या मनातून आपण उतरलोच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. रिक्षानं डबे न्यायचे तर सगळी कमाई रिक्षावाल्यालाच द्यायची. म्हणजे बॅटरीशिवाय गत्यंतर नव्हतं.

शनिवारी ते गाडी टेम्पोत घालून रबाळ्याला गेले. तिथं एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मंजुषा नावाची मुलगी लिथियमच्या बॅटऱ्या जोडून द्यायची. डिप्लोमा झालेली, अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं, बोलायला चटपटीत. तिनं जुन्या चार बॅटऱ्या काढल्या. हौसेरावांनी सवयीनं त्या उचलून पाहिल्या. "तीस किलो," ते म्हणाले. मग तिनं नवा पॅक समोर ठेवला. एकच पेटी, वर धरायला कडी. हौसेरावांनी ती उचलली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पोरी, हे तर साडेतेराच्या आतच भरतंय."

मंजुषानं कागदावर पाहिलं. "तेरा पॉइंट चार! काका, हे कसं कळलं तुम्हाला?"

"ते ऱ्हाऊ दे. निम्म्याच्या वर माल गेला कुटं, ते सांग."

"अहो काका, हलकी आहे म्हणूनच तर चांगली. लिथियम आहे ते. जुनीपेक्षा लांब पळेल."

हलका माल चांगला, हे हौसेरावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी पॅक घेतला. मंजुषानं एकेक गोष्ट समजावून दिली. या बॅटरीचाच चार्जर वापरायचा, दुसरा नाही. गाडी चालवून आल्या आल्या लावायची नाही, आधी थंड होऊ द्यायची. गॅसपासून लांब, फरशीवर ठेवायची, वर फडकं टाकायचं नाही, आणि घरात कुणी जागं असतानाच लावायची. लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे फुल. "आत्ता आत थोडंच आहे हं काका, घरी पूर्ण भरून घ्या."

हे 'भरून घ्या' हौसेरावांनी नीट ध्यानात ठेवलं.

रविवारी सकाळी राजाबाईंनी दारापाशी कोपरा मोकळा करून दिला, बॅटरीला हळदकुंकू लावलं, आणि हे सगळं न बोलता केलं. हौसेरावांनी प्लग लावण्याआधी पेटी उचलून वजन मनात ठेवलं. तेरा-चार. मग लाल दिवा लागला आणि हे समोर बसले ते बसलेच. पाच तास. राजाबाई दोनदा त्यांना ओलांडून मोरीकडे गेल्या. अखेर दिवा हिरवा झाला. हौसेरावांनी प्लग काढला, दोन्ही हातांनी कडी धरली, पेटी उचलली, आणि मटकन खाली बसले.

तेरा-चार. मासाभरही वाढ नाही.

हसू नका. ज्यानं चौतीस वर्षं भरलेल्या आणि रिकाम्या गोणीतला फरक पाठीवर झेलला, त्याला तुम्ही पाच तास भरलेली वस्तू देता आणि ती जेवढ्यास तेवढी! त्यानं काय समजायचं? त्यांना वाटलं, आपल्या हाताचाच अंदाज चुकला. म्हणून शेजारच्या किसनचा भंगार तोलायचा काटा आणून त्याला पेटी टांगली. काटाही तेरा-चारच म्हणाला.

"काका, मानलं तुमाला! बरोबर सांगितलंत," किसन म्हणाला.

"त्याचाच तर घोर लागलाय बाबा," हौसेराव म्हणाले.

त्यांनी मंजुषाला फोन लावला. "पोरी, माल चढला न्हाई."

"म्हणजे? हिरवा दिवा लागला ना?"

"दिव्याचं सांगू नगंस. भराय आधी तेरा-चार, भरल्यावरबी तेरा-चार."

पलीकडे ती जी हसत सुटली! "काका, चार्जला वजन नसतं हो! गाडीला लावा आणि मीटर बघा, सगळे दांडे दिसतील."

पण इथेच तर घोडं पेंड खात होतं. गुरुवारीही मीटरनं सगळे दांडे दाखवले होते की! आणि काटे-मीटर खोटं बोलतात हे मार्केटात हौसेरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? बरं, एक चक्कर मारून बघावी, तर आत जे काही असेल-नसेल ते त्यातच संपायचं आणि सोमवारी पुन्हा पुलावर शिमगा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हौसेराव तर ताकाचं भांडंच उघडायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पेटी अकरा वेळा उचलली.

सोमवारी पावणेबाराला सोळा डबे बांधून तयार झाले. पेटी सीटखाली बसवली, डबे पुढे-मागे लावले, मीटरवर सगळे दांडे आले, आणि हौसेराव गाडीशेजारी नुसते उभे राहिले. हात हँडलवर, पाय काही उचलेना. तेवढ्यात राजाबाई बाहेर आल्या. दाराला कुलूप घातलं, पदर खोचला, आणि डोक्यावर चक्क किसनचं हेल्मेट.

"सरका फुडं," त्या म्हणाल्या.

"आगं, तू कुटं?"

"बंद पडली तर निम्मं डबं म्या घेते. सरका म्हनलं ना!"

चाळीस वर्षांत राजाबाई नवऱ्याच्या मागे गाडीवर कधी बसल्या नव्हत्या, कारण नवऱ्याकडे गाडीच नव्हती. बसताना त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि हौसेरावांचा खांदा असा आवळला की त्यांना गोणीचा हूक आठवला. गाडी निघाली. गल्लीतली पोरं ओरडली, बायका दारात आल्या, राजाबाईंनी हेल्मेटच्या आतून सगळ्यांकडे मान हलवली.

पूल आला. चढ सुरू झाला. गाडीचा वेग जरा उतरला आणि हौसेरावांच्या कपाळावर घाम फुटला.

"गेला!" ते ओरडले.

"काय गेला?"

"एक दांडा गेला."

"ऱ्हायले किती?"

"पाच."

"मंग कशापायी कोकलताय? बघा फुडं!"

मागून एक ट्रक हॉर्न देत गेला, पण गाडी थांबली नाही. डबे, दोन माणसं आणि किसनचं हेल्मेट घेऊन ती पुलाच्या माथ्यावर आली आणि उताराला लागली. हौसेराव मोठ्यानं हसले. वजन नसलेला माल असू शकतो, हे त्यांनी त्या उतारावर कबूल केलं, तेही फक्त स्वतःशी.

बारा वीसला ते कंपनीच्या गेटवर होते. नमिता मॅडम खाली आल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय काका, आज काकूंनाही आणलंत? मग उद्यापासून वीस डबे आणा. वरच्या मजल्यावरचे चौघं मागतायत."

गेटसमोरच्या टपरीवर दोघं चहाला बसले. हौसेरावांच्या जिवात जीव आला होता, म्हणून त्यांनी विचारून टाकलं, "आता तरी राग गेला का?"

"कसला राग?"

"गुरुवारचा. चार दिस झालं, तोंडातनं सबूद न्हाई तुझ्या."

राजाबाईंनी ग्लास खाली ठेवला. "डबं गेलं खड्ड्यात. दोन वाजून गेलं, तुमचा पत्त्या न्हाई. फोन उचलंना. ऊन हे असलं. कुटं पडला असाल, कुनी पानी दिलं असंल का न्हाई, काय काय डोळ्याम्होरं येत हुतं. तुमी दारात दिसला, तवा बोलले असते तर रडले असते."

हौसेरावांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "येडे, मंग हे सांगायचं न्हाईस व्हय? मी हिकडं ईचार करून मराय लागलोय!"

"कवा सांगू? तुमी आन् तुमची बॅटरी. काल पाच तास तिच्याम्होरं बसला. माज्याम्होरं बसलाय का कवा पाच मिन्टं?"

हौसेरावांनी चहावाल्याला आणखी दोन कटिंग सांगितले, घाई नाही म्हणूनही सांगितलं, आणि बाकावर मांडी घालून, राजाबाईंकडे तोंड करून नीट बसले.