म्हसोबाचा बोकड आणि माझा अबोला

वडूजच्या पलीकडच्या आमच्या गावात मुसलमानाचं घर एकच होतं, आमचं. पण त्या एका घरावाचून गावाचं मटण शिजत नसे. आम्ही मुलाणी. जत्रा असो, नवस असो, बोकड कुणाचाही असो, सुरी आमची आणि सुरी फिरवताना घ्यायचं नावही आमच्याच अल्लाचं. बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर. ते म्हटल्याशिवाय कापलेलं मटण गावात कुणी तोंडाला लावत नसे. मंडळी स्वतःच्या देवाची आरती एखाद्या वेळी घाईत उरकतील, पण मुलाण्यानं नाव घेतलं की नाही याबाबतीत लय कडक. बाप गेल्यावर मी पहिल्यांदा सुरी हातात घेतली, तेव्हा मला नीट म्हणता येतं की नाही हे एका माळकऱ्यानंही तपासून घेतलं होतं. तो मटण खातच नव्हता. त्याला नसत्या पंचायती कुणी सांगितल्या होत्या?

बापानं मला फार काही शिकवलं नाही. नमाज शिकवला तो ईदेपुरता. एक गोष्ट मात्र कान धरून शिकवली. जीव आपला नव्हे. ज्यानं दिला त्याचं नाव घ्यायचं, त्याला सांगायचं, आणि मगच हात लावायचा. नाहीतर तो नुसता खून.

दुष्काळाच्या साली उन्हाळा लागताना माझी मुलगी गेली. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावात हगवण लागली होती. वडूजला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली आणि निम्म्या वाटेत बायको म्हणाली, "गाडी फिरवा." एवढंच म्हणाली. मी गाडी फिरवली.

एकच लेकरू आमचं. तिला दोन गोष्टींचं वेड. एक म्हणजे टक्कर. मी घरी आलो की डोकं खाली घालून पळत यायची आणि माझ्या कपाळावर कपाळ आपटायची. बोकड व्हायची ती. मुलाण्याच्या पोरीनं आणखी काय व्हायचं? दुसरं वेड कलेजीचं. जत्रेत आमच्या वाट्याला कलेजी यायची, त्यातला मोठा तुकडा तिचा. मी मुद्दाम तो माझ्या ताटात ओढायचो आणि ती घर डोक्यावर घ्यायची.

तिला मातीत ठेवून आलो आणि मी अल्लाशी बोलणं टाकलं. नाव नाही, दुआ नाही, काही नाही. भाऊबंदकीत धरतात तसा सरळ अबोला धरला. त्यानं माझी समजूत काढायला कुणाला पाठवलं नाही, म्हणून मी आणखीच चिडलो.

बायकोचं उलटं. तिला येत होते तेवढे चार शब्द ती रोज म्हणायची, आणि मला एकच मागायची. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं त्याच्या आवडीचं जेवण करतात, लोबान लावतात आणि त्या ताटासमोर बसून फातिहा पढतात. मग घरच्यांनी जेवायचं. "तिच्या नावानं फातिहा पढा," ती म्हणायची. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, इथं मराठीत लिहितोय. मी म्हटलं, "वडूजच्या मौलवीला बोलव."

"बाप जिता असताना परक्यानं कशाला? पोरीचा बाप तुम्ही आहात, मौलवी न्हाई."

"मग राहू दे."

"राहू दे," ती म्हणाली, आणि चुलीकडं वळली. रागावली असती तर मी चार शब्द बोललो असतो. माझा हिरमोड झाला.

महिनाभरात म्हसोबाची जत्रा आली. मळ्यातल्या आबांचा मुलगा फौजेत होता. बांगलादेशच्या लढाईत त्याची खबर येईना, तेव्हा आबांच्या कारभारणीनं, गाव त्यांना काकी म्हणायचं, म्हसोबाला बोकड बोलला होता. पोरगा धडधाकट परत आला, मिशा वाढवून पुन्हा पलटणीत गेला. आता बोकड द्यायचा होता. बोकडाला आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, अंगावर पाणी शिंपडलं. त्यानं अंग झाडलं, म्हणजे देवाला मान्य झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सुरी धरली आणि माझं तोंड उघडेना.

ज्यानं दिला त्याचं नाव घ्यायचं. माझी पोरगी कुणी दिली होती? आणि नेताना त्यानं मला विचारलं होतं का?

"म्हण की रं," आबा म्हणाले.

"आबा, मला नाव घेता येत न्हाई."

"इसरलास व्हय?"

"इसरलो न्हाई. घेणार न्हाई. भांडण हाय."

"कुणासंगं?"

मी सुरीनं वर दाखवलं. जमलेल्या सगळ्या माणसांनी वर बघितलं.

आबांनी पटका सारखा केला. माझी पोरगी गेलेली त्यांना ठाऊक होतं, मातीला खांदा लागला होता त्यांचा. पण नवस हा नवस. त्यांचा पुतण्या म्हणाला, "नुसते व्हट हलीव गड्या, कोण ऐकतंय?" आबा त्याच्यावर खेकसले, "म्हसोबा काय भैरा हाय?" कुणी म्हणालं, शेजारच्या गावचा मुलाणी आणा. आबा म्हणाले, "त्यो त्यांचा. ह्यो आमचा. ह्याचं मिटूपत्तर बोकड थांबंल."

झालं. बोकड हळदकुंकवासकट मळ्यात परत गेला. माझ्यापायी म्हसोबाचा नवस अडकला.

आता तो दुष्काळ. माणसांना सरकारी सुकडी, गुरांना चाऱ्याची छावणी. छावणीत बोकड घेत नव्हते. काकी स्वतःच्या भाकरीतली चतकोर त्याला घालायच्या. नवसाचा म्हणून त्याला विकता येईना, मारता येईना, उपाशीही ठेवता येईना. गावात तेवढाच एक जण त्या साली अंगानं भरला. आबा वाटेत भेटले की विचारायचे, "मिटलं का रं?"

"न्हाई."

"बोकड लय खातंय."

मी मान खाली घालून पुढं जायचो. आबांचं मला काही वाटत नसे, काकींचं वाटायचं. त्यांचा मुलगा पुन्हा सरहद्दीवर होता आणि नवस फिटला नव्हता. तार घेऊन पोस्टमन गावात आला की त्या दारात उभ्या राहायच्या, आणि तो पुढच्या घरी गेला की खाली बसायच्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एकदा बायकोला एवढंच म्हणाल्या, "तुज्या धन्याला म्हनावं, आमच्यासाटी घाई करू नगो. पर जमलं तर बघ म्हनावं." बायकोनं घरी येऊन मला तसंच सांगितलं, आणि शेवटी स्वतःचं जोडलं, "मीबी तेच म्हणते." दोन बायका माझ्या तोंडाकडं डोळे लावून बसल्या होत्या आणि माझं तोंड शिवल्यासारखं होतं.

मी पळालो म्हणा. बायको खडी फोडायच्या कामावर गावातच राहिली, मी सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली धरली. पोती वाहून वाहून अंग पिवळंधमक. सांगलीत माझ्यासारखे कितीतरी होते, रोज हळद लागलेले आणि लग्न कुणाचंच नाही. झोप येत नव्हती. कुणी धक्का लागून गेला तरी मी अंगावर जायचो. एका हमालाशी मारामारीही झाली, कशावरून ते त्यालाही आठवत नव्हतं.

पेठेजवळ मशीद होती. मी दुपारी तिथं जायला लागलो, कारण आतली शहाबादी फरशी गार होती. दुसरं काही कारण नव्हतं. मी आडवा व्हायचो. बांग देणारा म्हातारा तिरसट होता. त्यानं मला पायानं ढोसलं. "लोक नमाजाला उभे राहणार. एकतर मागं सरक, नाहीतर रांगेत उभा राहा. मधे पडू नकोस, तुडवतील."

मागच्या बाजूला ऊन येत होतं. मी रांगेत उभा राहिलो.

आत शिरायचं तर वजू करावा लागे. हात, तोंड, कोपर, पाय धुवायचे. माझ्या कोपरावरून पिवळं पाणी ओघळायचं आणि म्हातारा चिडायचा, "हौद खराब करतोस." मग मी आधी बाहेर नळावर हात घासून यायला लागलो. रांगेत लोक वाकले की मी वाकायचो, टेकले की टेकायचो. ओठ बंद. कुणी विचारलं नाही, तू म्हणतोस का. आमच्या गावात हे चाललं नसतं, आबांनी रांग थांबवून विचारलं असतं.

दिवस गेले. पाऊस झाला, गावाकडं पेरण्या झाल्या, मी सांगलीतच. त्या फरशीवर मला एक अडचण होऊ लागली. उभं राहणं सोपं होतं, वाकणं सोपं होतं. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं की मला ती टक्कर आठवायची. दर वेळेला. माझ्या कपाळाला समोरून कुणीतरी कपाळ लावलंय असं वाटायचं, आणि उठावंसं वाटायचं नाही. लोक उठायचे, मी मागून उठायचो. शेजारचे खाकरायचे.

एका दुपारी मी तसाच कपाळ टेकून होतो आणि माझ्या तोंडातून निघालं, "का नेलीस?"

हळू नाही, चांगलं मोठ्यानं. नमाज मोडला माझा, शेजारच्याचाही डळमळला असेल. मी तसाच राहिलो. "का नेलीस? एकच होती. विचारायचं तरी." मग दखनीत आणखी काय काय बोललो. शिव्याही दिल्या असतील, मला ठाऊक नाही. फरशी ओली झाली. वरून उत्तर आलं नाही. पण वर्षभरात मी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. बायकोला विचारला नाही, आबांना नाही. कुणाला विचारणार? ज्याला विचारायचा त्याच्याशीच मी अबोला धरून बसलो होतो. आता विचारला, आणि विचारून झाल्यावर पोटात काही उरलं नाही. मग माझं मलाच नवल वाटावं असं मी म्हणालो, "आता तुझ्याकडं हाय तर नीट सांभाळ. तिला टक्कर लागते रोज. या अल्ला."

नाव निघालं होतं. अबोला भांडणानं मोडला, पण मोडला.

सगळे उठून गेले होते. म्हातारा झाडू घेऊन उभा होता. मला वाटलं हा आता हाकलणार. तो म्हणाला, "झालं? बाजूला हो, झाडायचंय." मी बाजूला झालो. भिंतीला टेकून बसलो आणि मला झोप लागली. अशी झोप की मुकादमानं माणूस पाठवला. त्या दिवसापासून दुःख गेलं असं कुणी समजू नये. ते आहे तिथंच आहे, आजही. पण ते एकट्यानं धरून बसायचं नाही, एवढं मला कळलं. रोज कपाळ टेकायचं, ज्याची गोष्ट त्याच्या हवाली करायची आणि पोतं उचलायला जायचं. माझा जीव निवला. याहून मोठा शब्द माझ्याकडं नाही.

चैत्रात मी गावी गेलो. आबा एसटीच्या थांब्यावरच भेटले, दुसऱ्याच कामाला आले होते. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "मिटलं?"

"मिटलं, आबा."

"कोण चुकलं हुतं?"

"ते न्हाई ठरलं."

"ठरत नसतंय," आबा म्हणाले. "चल, बोकड बघ."

बोकडाचं गाढव झालं होतं. मी जवळ गेलो तर त्यानं डोकं खाली घातलं आणि माझ्या मांडीला टक्कर दिली. मला तिथं जरा बसावं लागलं. आबा म्हणाले, "लागलं का रं?" मी म्हटलं, "थोडं."

जत्रेच्या दिवशी मी वजू केला. बोकडाला पाणी पाजलं, सुरी त्याच्या नजरेआड ठेवली, बाप ठेवायचा तशी. मग नाव घेतलं. आबा म्हणाले, "मोट्यानं, म्हसोबाला ऐकू गेलं पायजे." मी मोठ्यानं घेतलं. या वेळी ते नाव कुणाचं आहे हे मला ठाऊक होतं. काकींनी देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

माझा वाटा घेऊन मी घरी गेलो. बायकोनं कलेजी परतली, ताटात वाढली, पाण्याचा पेला ठेवला. निखाऱ्यावर लोबान टाकला. मग भिंतीशी पदर डोक्यावर घेऊन बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोठा तुकडा वर ठेवलाय."

मी ताटासमोर बसलो आणि फातिहा पढलो. मुलीचं नाव घेतलं. ती गेल्यानंतर त्या घरात मी ते पहिल्यांदाच घेतलं. बायकोनं आमीन म्हटलं ते इतक्या जोरात, की शेजारीण काय झालं बघायला अंगणात आली, आणि बघून परत गेली.

मग आम्ही दोघं रडलो. कलेजी गार झाली. गारच खाल्ली.