रॅचेटवरचा पाइप

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईजवळ नाही, धाकट्या बहिणीजवळ नाही — आणि तिच्यापाशी तर मी नको तेही बोलून बसते. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही आमच्या यांना ओळखत नाही. ओळखत असतात, तर सोयाबीन कसं आहे, बाजार कसा आहे, असलं काहीतरी विचारून मी गप्प बसले असते.

म्हणजे आधी यांच्याबद्दलच सांगायला हवं. मूळ गोष्टीवर येते मी, येते — जरा दम धरा. जवळा बाजार या आमच्या गावात रस्त्याला लागून यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. गौतम मिस्त्री म्हणतात त्यांना. गॅरेजला चिकटून माझी पिठाची गिरणी आणि मधल्या भिंतीला एक दार. ते दार आम्ही कधी लावत नाही. हे काळ्या ऑइलनं माखलेले, मी पिठानं पांढरी, अशी आमची जोडी संध्याकाळी ओट्यावर चहाला बसली की येणारा-जाणारा हसल्याशिवाय राहत नाही.

या माणसाचा हत्यारांवर फार जीव. माझ्यापेक्षा जास्त, असं मी चिडून म्हणायचे. तसं नाही ते, ठाऊक आहे मला — पण बरोबरीचा तरी आहेच. शेजारपाजारचे खंडेनवमीला आपापल्या हत्यारांना हळदकुंकू वाहतात. आम्ही बौद्ध, आमच्यात ती पूजा नाही. त्यावरून कुणी यांना छेडलं की हे म्हणतात, "तुमी वर्षातून एकदा पुसता, मी रोज पुसून राहिलो. सांगा बरं, कोणाचं हत्यार जास्त खुश?" आणि खरंच रोज पुसतात. एकेक पाना फडक्यात घेऊन, न्हाऊ घातलेलं लेकरू पुसावं तसा.

आणि यांची निवड! ती तुम्ही बघायला हवी होती. गोट्यांची पेटी घ्यायची असली — गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसते ती, आणि तिला फिरवायची टिकटिक वाजणारी दांडी म्हणजे रॅचेट — तर आमच्याकडचा माणूस यांना घेतल्याशिवाय हिंगोलीला जायचा नाही. पार जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या गोरेगाव, डोंगरकड्याचे मिस्त्री यायचे बोलवायला. दुकानात गेलं की शेठ मोठमोठ्या पेट्या उघडून मांडणार, चकचकीत, बघता बघता डोळे दिपावेत अशा. हे त्यांच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. पेटीत नग किती, हे यांनी कधी विचारलंच नाही. म्हणायचे, "जत्रा भरली म्हणून काय सगळ्यांशी सोयरीक करायची? कामाच्या किती हायेत ते बघा."

मग खिशातून एक नट निघायचा. तो घरूनच नेलेला. त्यावर गोटी बसवून हलवून बघायचे. डगडग केली की बाजूला. आत सहा कोन आहेत की बारा, ते बघायचे. बारा कोनांची पटकन बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. मुलामा कडेला सुटलाय का म्हणून नख लावायचे. जोडदांडी — गोटी आणि रॅचेट यांच्या मध्ये बसते ती — काउंटरच्या काचेवर घरंगळत सोडायचे, ती लंगडली की नापास. आणि शेवटी रॅचेट कानाशी धरून, डोळे मिटून, हळूहळू फिरवायचे. टिक, टिक, टिक. एवढं मोठं दुकान, पण शेठ, नोकर, गिऱ्हाइकं सगळी चिडीचूप. मी कोपऱ्यात पिशवी घेऊन उभी असायचे. काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! लग्नाआधी मला बघायला आले, तेव्हाही यांनी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

यांची स्वतःची रॅचेट अशीच निवडलेली होती. लांब दांडीची, जड, हातात धरली की हात शहाणा झाल्यासारखा वाटावा अशी. तिच्याबाबत गॅरेजात एकच कायदा. नट जाम झाला की लोक दांडीवर पाइप चढवतात — दांडी लांब झाली की जोर वाढतो ना, म्हणून. ते रॅचेटला करायचं नाही. "जोर करायचा तर साध्या आडव्या दांडीवर करा. तिच्या पोटात काही न्हाई. रॅचेटच्या पोटात बारीक दात असतात, तिला तकलीफ होते." हे वाक्य भिंतीपलीकडून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या दिवशी सकाळी गिरणीचा पट्टा ढिला पडला होता. मोटार जरा मागे सरकवायची, म्हणजे खालचे नट सोडायचे आणि परत आवळायचे. हे डोंगरकड्याला एका ट्रॅक्टरवर निघाले होते. मी म्हटलं, मी करते. तर दळणाला आलेल्या बायांसमोर हसून म्हणाले, "राहू दे, तुझं काम पीठ चाळायचं. मी आल्यावर बघतो." गंमतीनंच म्हणाले. बायाही गंमतीनंच हसल्या. पण माझा पारा — माझा पारा कसा आहे ते माझ्या माहेरी विचारा. पीठ चाळायचं? बरं.

हे गेले. लाइट जायच्या आत दळणं उरकायची होती, बाया खोळंबल्या होत्या. मी मधल्या दारातून गेले, पेटी उघडली आणि रॅचेट उचलली. आडवी दांडी बाजूलाच टांगलेली होती. दिसत होती मला. पण मला तीच हवी होती — त्यांची. तीन नट सुटले, शेवटचा काही केल्या हलेना. बाया बघत होत्या. गॅरेजच्या मागे नळाच्या पाइपाचा तुकडा पडला होता. तो आणला, दांडीवर चढवला आणि पदर खोचून सगळा भार टाकला.

नट सुटला. बाया "वा गं वहिनी!" म्हणून हसल्या. आणि त्याच क्षणी रॅचेटच्या आत काहीतरी कचकन झालं. ते फक्त मला ऐकू आलं.

पट्टा ताणला, दळणं उरकली. मग एकटीनं ती कानाशी धरून फिरवली, यांच्यासारखीच. टिक, टिक — आणि एका जागी नुसती पोकळी. फडक्यानं पुसली, होती तशी पेटीत ठेवली. आल्यावर सांगू म्हटलं. आले ते केळीचा घड खांद्यावर घेऊन, खुशीत. गिरणी चालू बघून म्हणाले, "अरे वा, केलंस की! चुकलं माझं, पीठ चाळायचं म्हणालो ते." असं म्हटल्यावर सांगता येतं का हो? म्हणजे येतं. यायला हवं होतं. मी केळी सोलत बसले.

आठवडा गेला असेल. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा नट होता. हे रॅचेट आपल्याकडे ओढत होते, पूर्ण जोरानं, कारण तिच्यावर भरवसा होता. ती पोकळ जागी आली आणि सटकली. मुठीत लोखंड धरलेला त्यांचाच हात त्यांच्याच तोंडावर आला. पुढचा एक दात अर्धा तुटला, ओठ फाटला, टाके पडले. मी धावत गेले तर रक्तानं भरलेल्या तोंडानं हे काय म्हणाले? "तुझ्या पिठात रक्त पडंल, तू लांब हो."

इथपर्यंत चूक होती. माणसाच्या हातून होते तशी. पण मी तुम्हाला सांगायला बसले आहे, ते हे नव्हे.

टाके निघाल्यावर हे रॅचेट घेऊन हिंगोलीला गेले, मीही सोबत होते. शेठ जुने, समजूतदार. त्यांनी पाठीमागचे स्क्रू काढले, आतलं दातेरी चक्र तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, नाराज होऊ नका. याच्यावर कोणीतरी पाइप टाकलाय."

हे हसले. तुटक्या दातानं हसले. "माझ्या घरात? शेठ, माझ्या घरात रॅचेटवर कोणी पाइप टाकत न्हाई." आणि माझ्याकडे वळले. शंका म्हणून नाही हो. साक्ष काढावी तसे, अगदी खात्रीनं. "व्हय की न्हाई, शोभा?"

मी म्हटलं, "व्हय."

एवढंच. एवढंच ते. शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. मला वाटतं त्यांना कळलं. मी कानशींच्या खोक्यांवरची नावं वाचत राहिले.

शेठ नवीन द्यायला तयार होते, यांनी घेतली नाही. परतताना जीपमध्ये औंढा मागे पडल्यावर म्हणाले, "शेठचा काय दोष? वस्तू मीच निवडली. कानाशी धरून निवडली. माझ्याच कानानं मला फसवलं." मी खिडकीबाहेर बघत होते. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? रागावले असते? छे! हा माणूस हसला असता. गावभर सांगत सुटला असता की आमच्या बायकोची ताकद बघा, रॅचेटचे दात पाडले. ते मला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी मी बोलले नाही. मग भीती कशाची होती? "माझ्या घरात" असं जे ते म्हणाले, त्या आवाजाची? ठाऊक नाही. आणि कारण सापडलं तरी त्यानं काय होणार आहे?

पुढचे काही दिवस हे, ज्यांना ज्यांना तशी रॅचेट घेऊन दिली होती, त्यांच्या दारोदार फिरले. "माझं चुकलं, तिच्यावर जोर करू नका, बदलून घ्या." लोक म्हणायचे, मिस्त्री, आमची तर चांगली चालते. हे ऐकायचे नाहीत. त्यानंतर कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "न्हाई बाबा, माझी पारख गेली." पुढं पुढं लोकांनी विचारणं सोडलं. खिशातला नट एकदा धुण्यात माझ्या हाताला लागला, मी सुकवून परत खिशात ठेवला. पुन्हा तो कधी खिशात दिसला नाही.

दर पौर्णिमेला आम्ही दोघं विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. यांचा आवाज शेजारी खणखणीत असतो. मी ओठ हलवते.

एवढ्या वर्षांनी आता आमच्या लेकीचं, प्रज्ञाचं आयटीआय झालं. डिझेल मेकॅनिक. बापाच्याच गॅरेजात उभी राहणार म्हणते, आणि तिला स्वतःची गोट्यांची पेटी हवी होती. ती यांच्या मागे लागली, बाबा तुम्हीच चला. हे म्हणाले, "आईला घेऊन जा. काहून म्हणशील तर — तिला चांगलं-वाईट कळते." पोरगी हिरमुसली. मी गेले. त्या शेठकडे नाही, दुसऱ्या दुकानात.

आणि तिथं मी काय केलं सांगू? नग मोजले नाहीत. घरून नेलेल्या नटावर गोट्या बसवून बघितल्या. नख लावलं. जोडदांडी काचेवर घरंगळवली. रॅचेट कानाशी धरली, डोळे मिटले. दुकान चूप झालं. प्रज्ञा थक्क होऊन म्हणाली, "आई, हे तू कधी शिकलीस?" मी म्हटलं, बघून बघून. तिला बाप दुकानात असा उभा राहिलेला आठवत नाही. ती लहान होती.

घरी आल्यावर यांनी पेटी मांडीवर घेतली. एकेक गोटी उचलली, ठेवली. रॅचेट बराच वेळ फिरवली. मग माझ्याकडे बघून हसले, तो अर्धा दात दिसला, आणि इतक्या मायेनं म्हणाले, "शोभे, माझ्यापेक्षा तुझी पारख पक्की निघाली की गं! आता कोणी आलं तर तुझ्याकडंच धाडतो."

मी हसले. नाही म्हटलं नाही.

खरंच धाडतात ते. मोठ्या कौतुकानं, माझं नाव पुढं करून. परवाच डोंगरकड्याचा एक मिस्त्री यांना न्यायला आला होता, जुन्या ओळखीचा. हे ओट्यावर बसल्या बसल्याच म्हणाले, "मी काय करू येऊन? हिला घेऊन जा."

मी हातावरचं पीठ झटकलं, चपला घातल्या आणि गेले.