लेखाखालची जागा

दादांची उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. ते गळ्याला एक छोटं यंत्र टेकवून बोलू लागले, तेव्हा त्यातून घरघरता, सपाट आवाज यायचा. "आता मी बातम्या वाचल्या तर लोक रेडिओ दुरुस्तीला टाकतील," असं म्हणून स्वतःच हसायचे. हसण्याचा मात्र आवाज व्हायचा नाही.

त्यांचं करायला धाकटी बहीण येऊन राहिली होती. दादा तिला अजूनही 'धाकटे' अशीच हाक मारत. तिचा जन्म कापडाच्या दुकानातली दर्शनी काच सजवण्यात गेलेला. कुठली साडी कुठे टांगली की रस्त्यावरचं माणूस थबकतं, हे तिला बरोबर कळायचं.

दादांनी आवाज गेलेल्यांसाठी एक वेबसाइट काढली होती. ते जीव ओतून लिहायचे. वाचणारे खूप होते, पण जाहिरातींतून येणारे पैसे साइटच्या खर्चालाही पुरत नसत.

"पुरतील कसे?" एकदा धाकटी म्हणाली. "घशाच्या दुखण्याचं वाचायला आलेल्या माणसाला तुम्ही मोटारीचे टायर दाखवताय!"

"मी कुठे दाखवतोय? ते आपोआप येतात."

"मग आता माझ्यावर सोपवा."

तिने पदर खोचला. वाचणाऱ्याच्या अंगावर उडी मारणारी चौकट आधी काढली. दादांच्या लेखाची शेवटची ओळ संपते आणि नजर जरा विसावते, तिथे एकच मोठी जाहिरात ठेवली. दाखवायच्या जाहिरातींचे प्रकार एकेक करून उघडता किंवा बंद करता येत. टायर, बूट, घरं बंद केली. गळ्याचे रुमाल आणि वाफेची यंत्रं उघडी ठेवली. 'उपचार' या प्रकारापाशी तिचा हात अडखळला. पण सगळ्यात जास्त पैसे त्यातच होते. तिने तो राहू दिला.

कमाई वाढली. खर्च भागून दादांना पाठीला आधार देणारी चांगली खुर्ची आली. "दुकानाने तुला फुकट घालवली," दादा कौतुकाने म्हणाले.

एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. तिच्या नखांत पीठ अडकलेलं. वस्तीच्या टोकाला तिची नि तिच्या नवऱ्याची बेकरी होती. तिने पिशवीतून रिकामी बाटली काढली.

"हे थेंब संपलेत. विकणाऱ्यांचा फोन लागत नाही. तुमच्याकडे असतील म्हणून पत्ता शोधत आले."

दादांनी यंत्र गळ्याला लावलं. "कसले थेंब?"

"घशाचे. ऑपरेशनशिवाय गाठ विरघळवणारे. आमच्या यांचा आवाज बसला होता ना, तेव्हापासून देतेय."

"घ्यायला कोणी सांगितलं?"

बाई गोंधळली. "तुम्हीच की. तुमच्या लेखाखाली होतं."

त्याच लेखात दादांनी बजावून लिहिलं होतं, आवाज बसला आणि सुधारला नाही तर तडक डॉक्टरकडे जा. बेकरीवाल्याने ते वाचलं होतं. पण त्याखाली थेंब होते, आणि सुरीपेक्षा थेंब कोणालाही बरे वाटतात.

धाकटी पाण्याचा पेला घेऊन आली होती. तो तिच्या हातातच राहिला.

दादा त्याच दिवशी बेकरीवाल्याला इस्पितळात घेऊन गेले. उशीर झाला होता. धाकटीने सगळ्या जाहिराती काढल्या. दादा आपल्याला चार शब्द सुनावतील म्हणून ती वाट पाहत राहिली. जेवताना एकदा ताट सारून ते एवढंच म्हणाले, "माझ्या शब्दावर विश्वास होता गं त्याचा." यंत्रातून सगळेच शब्द सारखे निघतात, त्यामुळे ते रागावलेत की रडताहेत, हेही तिला कळेना.

मग दादा रोज बेकरीवाल्याच्या खाटेपाशी जाऊन बसू लागले. तिथे ते यंत्र खिशातच ठेवत. दोघं खाणाखुणांनी बोलत. एकदा तर कशावरून तरी दोघांचे खांदे हसून हसून हलत होते. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बेकरीवाला गेला.

धाकटी भेटायला गेली, तेव्हा भट्टी थंड होती. बाई ओट्यावर बसली होती. धाकटीला शेजारी बसवून म्हणाली, "ताई, खरं सांगा. थेंब सुरू करायला आम्हीच उशीर केला का हो?"

"नाही," धाकटी म्हणाली. " तुमचं काही चुकलं नाही. त्या थेंबांत काही नव्हतं. आणि ती जाहिरात तिथे मी ठेवली होती."

बाईने तिचा हात हातात घेतला. "ठेवलीत म्हणून तर आम्हाला कळलं," ती म्हणाली. "तेवढे दिवस तरी त्यांना आशा होती."

धाकटीला हात सोडवून घेता येईना.