बटण दाबलं तरी कडबाकुट्टी थांबेना

मंडळी, दुपारपासून चित्त थाऱ्यावर नाही.

पाथर्डीजवळच्या वस्तीवर एका काकूंचा पदर चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला. त्यांनी बंदचं बटण दाबलं, पण मोटर थांबेना. दिरानं वायर उपटली म्हणून हात वाचला.

"बटन दाबलं हुतं की मी," एवढंच त्या म्हणत होत्या.

मोटर चालू-बंद करणारा रिले मीच बसवलेला. मोटर चालताना जेवढे अँपिअर घेते, तेवढेच धरून मी रिले निवडला. सुरू होताना ती कितीतरी पट ओढते. त्यानं रिलेचे पॉइंट वितळून चिकटले होते, म्हणून बटण दाबूनही वीज तुटली नाही.

तसलाच रिले मी भागवतभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, त्यांच्या कुट्टीलाही बसवलाय. ते श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेलेत, फोन लागत नाही. परतले की आधी बैलांसाठी कुट्टीच करतील.

ही ई-मेल वाचणाऱ्यांपैकी श्रीगोंद्याच्या कारखान्यांकडे कोणी राहतं का? भागवतभाऊंना एवढंच सांगा, मी येईपर्यंत यंत्र सुरू करू नका.